मोजणीत न आलेला घास

माझ्या घरात मांडणीवर, मिठाच्या बरणीमागं, हिंगाची एक रिकामी डबी आहे. तिच्यात गाईच्या शेपटीचे केस आहेत. हिंग कधीच संपलं, तरी डबी उघडली की आधी हिंगाचाच वास येतो. घरात कुणी ती उघडत नाही, कारण स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणी काही शोधायला जात नाही. या एका गोष्टीसाठी मी घरच्या पुरुषांचे आभार मानते.

मी आमच्या वाडीची पशुसखी. म्हणजे जनावरांची डॉक्टर नव्हे. डॉक्टर भोरला असतात आणि त्यांना बोलावलं की डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यानं यायला अर्धा दिवस जातो. मी जंताचं औषध पाजते, गोचीड कसे काढायचे ते दाखवते, कुणाची म्हैस माजावर आली की फोन लावते. माझं माहेर सारोळ्याचं, हायवेच्या कडेचं. तिथं ट्रकच्या भोंग्यावर आवाज काढून बोलायची सवय लागली, ती भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या या शांत वाडीत आल्यावरही गेली नाही. राग नाकावर आणि आवाज टिपेला, असं सासरी माझ्याबद्दल बोलतात. खोटं बोलत नाहीत.

वाडीत पूर्वी दर घराला दावणीला चार-पाच जनावरं होती. आता गोठ्यात मोटारसायकली लावतात. म्हशी दोन-तीन घरांत, शेळ्या थोड्या, आणि गाय अख्ख्या वाडीत एकच उरली होती, माझ्या थोरल्या जावेची. तिला आम्ही तांबडी म्हणायचो. जावेला मी अक्का म्हणते. अक्कांचं आणि माझं घर एका भिंतीचं. त्यांचा एकुलता मुलगा चाकणला कामाला, मालक वारलेले. माणसांत त्या फारशा बोलत नसत. गाईपाशी मात्र त्यांचं तोंड सुरू व्हायचं, भाजीत मीठ जास्त झालं इथपासून सगळं तिला सांगायच्या. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

आमच्याकडं सकाळचा पहिला घास गाईचा. भाकरीचा चतकोर, नाही तर हिरव्या पाल्याची मूठ. गोग्रास. ज्यांच्या दावणीला गाय होती त्या बाया आपापल्या गोठ्यात द्यायच्या. गाई विकल्या गेल्या तशी एकेक बाई अक्कांच्या गोठ्याशी यायला लागली. गोठा पाणंदीलाच लागून आहे. शेतावर जाता जाता थांबायचं, घास द्यायचा, गाईच्या कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावायचा, आणि पुढं. ही गोष्ट इतकी रोजची होती की ती कुणाच्या नजरेत भरत नव्हती. माझ्याही भरली नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात पुण्याहून एका संस्थेची माणसं आली. समाजमंदिरात बायांना बसवलं. एक मॅडम होत्या, तरुण, शांत बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की गाय नुसता भाताचा पेंढा खाते तेव्हा तिच्या पोटात गॅस जास्त होतो, तो ढेकरातून बाहेर पडतो आणि हवा तापवतो. त्याच पेंढ्याबरोबर सुबाभळीचा, चवळीचा, असला शेंगावर्गातला पाला दिला, तर ढेकर कमी होतात आणि गाईला अंगी लागणारं खाणं मिळतं. वाडीतल्या एका गाईवर हे करून बघायचं होतं, आणि तिच्या ढेकरातला गॅस त्या यंत्रानं मोजणार होत्या.

बायांनी पदर तोंडाला लावले. पल्याडच्या घरची आत्या, वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, मागून म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याचं बी मोजा की. त्येच्या ढेकरानं कौलं हालत्यात." मॅडमही हसल्या. मला मात्र ते बोलणं पटलं होतं. पेंढ्यावर जगणारी जनावरं मी रोज बघते, त्यांच्या बरगड्या मोजता येतात. आणि आमच्या मागच्या टेपाडावर वनीकरणात लावलेली सुबाभूळ कुणी विचारत नसताना माजली होती. फुकटचा चारा डोळ्यांसमोर असून आम्ही बघत नव्हतो, याचा मला रागच आला. तिथल्या तिथं उठून मी सांगून टाकलं की आमच्या जावेची गाय घ्या.

अक्का मनातून तयार नव्हत्या. तांबडी गाभण होती. अक्का म्हणाल्या, "पोटुशी हाय ती. आत्ता कशाला नवं काय बी?"

"अक्का, पाला हाय तो. औषध न्हाई," मी म्हणाले.

"तू बगणार आसशील तर घालू," त्या म्हणाल्या.

"म्या हाय की. रोज बगीन."

हे मी किती सहज म्हणाले. अक्कांना त्या वासराची आस होती, आणि अक्कांनाच नव्हे. तांबडी दिवाळीच्या आसपास विणार होती. वसुबारसेला वासरासकट गाय पूजायची असते, आणि वाडीत कित्येक वर्षांत दिवाळीला कुठल्या गाईजवळ दूधपितं वासरू नव्हतं. आम्ही पाटावर मातीची गाय आणि मातीचं वासरू मांडून भागवत होतो. यंदा खरी गाय, खरं वासरू. बाया तेव्हापासूनच बोलायला लागल्या होत्या की बाजरीची भाकरी कुणी करायची आणि गवारीची भाजी कुणी.

मॅडमनी मला सगळं नीट सांगितलं होतं. मीही नीट ऐकलं होतं, ते नाकारत नाही. एक वाटा पाला आणि तीन वाटे पेंढा, याच्यावर जायचं नाही. पाला आदल्या दिवशी तोडून उन्हात सुकत टाकायचा, मग घालायचा. नुसते कोवळे शेंडे घालायचे नाहीत, कारण सुबाभळीत एक विषारी अंश असतो आणि तो कोवळ्या शेंड्यात जास्त. काही जनावरांच्या पोटाला तो पचवता येतो, काहींच्या नाही. तोंडातून लाळ गळायला लागली किंवा केस झडायला लागले, की पाला थांबवायचा आणि ताबडतोब फोन करायचा.

हे नियम मी अक्कांना सांगितले, कारण गाय त्यांची. बाकीच्या बायांना मी काय सांगितलं? पाला किती चांगला ते. बचत गटाच्या बैठकीत उभी राहून मी म्हणाले होते, "सुबाभळीचा कोवळा शेंडा म्हंजी गाईचा पेढा." मला तेव्हा ते वाक्य फार आवडलं होतं. बायांनी उद्या आपापल्या शेळ्या-म्हशींनाही पाला घालावा, बांधाला सुबाभूळ लावावी, एवढाच माझा हेतू. नियम एका बाईला आणि कौतुक सगळ्या वाडीला, असं मी वाटून टाकलं.

पावसाळा सुरू झाला आणि आम्ही सुरुवात केली. मी वही केली. रोज संध्याकाळी अक्कांना विचारायचं, "आज काय घातलं?" अक्का सांगायच्या, पेंढा एवढा, पाला एवढा, चवळीचे वेल एवढे. मी लिहायची. अक्कांची मापं चुकायची नाहीत. पाटी तीच, भरायची ती त्याच रेघेपर्यंत.

पहिला महिना-दीड महिना सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं. तांबडीच्या अंगावर तेज आलं. बरगड्या झाकल्या गेल्या. मॅडम यायच्या, गॅस मोजायचं टॉर्चसारखं यंत्र गाईच्या नाकापुढं धरून उभ्या राहायच्या आणि तांबडी त्या यंत्राला चाटायला बघायची. ढेकर कमी होत आहेत, असं त्या म्हणाल्या. माझा फोटो काढला, गाईच्या गळ्यात हात टाकलेला. तो मोबाईलवर कुठं कुठं फिरला आणि उत्रोलीच्या माझ्या नणंदेनं फोन करून विचारलं, "वहिनी, आता दिल्लीला कवा जाताय?" मी वरवर रागावले. आतून मला फार बरं वाटलं होतं.

श्रावण सरत आला तेव्हा एका सकाळी गव्हाणीच्या कडेला केस दिसले. पाच-सहा, लांब, काळे. तांबडीच्या शेपटीचा गोंडा काळा होता. मी ते उचलले आणि म्हटलं, खांबाला शेपूट घासली असेल. दुसऱ्या दिवशी दाव्याच्या खुंटीपाशी होते. तिसऱ्या दिवशी मी शेपूट हातात धरून अलगद खाली हात ओढला, तर मुठीत एक पुंजका आला. ओढावंही लागलं नाही.

मनात पाल चुकचुकली, असं म्हणतात. माझ्या मनात चुकचुकली नाही, सरळ बोंब झाली. मला लक्षण माहीत होतं. सुकत टाकलेल्या पाल्यापाशी उभं राहून मॅडमनी मला ते सांगितलं होतं, आणि माझ्या हातात तेच होतं. तरी मी इकडं तिकडं बघितलं. अक्का आत चूल पेटवत होत्या. मी केस मुठीत दाबले, घरी आणले आणि डबीत टाकले.

फोन का केला नाही? चार दिवसांवर संस्थेचे मोठे साहेब यायचे होते. पंचायत समितीतली माणसं, शेजारच्या गावच्या बाया, सगळे गाय बघायला येणार होते आणि बोलणार मी होते. चार दिवस, एवढंच मनात होतं. मी माझ्या अकलेनं एक केलं. अक्कांना सांगितलं, "पाल्याची पाटी निम्मीच भरा आता. दिवस भरत आलं की हलकं खायाला घालावं."

अक्का म्हणाल्या, "बरं." त्या मला कधी का म्हणून विचारत नसत.

साहेब आले, गेले. मी बोलले, टाळ्या झाल्या. तांबडीची शेपूट मी त्या दिवशी भिंतीकडं राहील अशी बांधली होती.

मला वाटलं होतं, पाला निम्मा केला की केस झडायचे थांबतील. थांबले नाहीत, वाढले. रोज सकाळी मी अक्कांच्या आधी गोठ्यात जायला लागले, केस गोळा करायला. गोंडा विरळ झाला, मग नुसती शेपूट राहिली, दोरीच्या तुकड्यासारखी. भाद्रपदातल्या माश्या गाईच्या पाठीवर बसायच्या, तांबडी शेपूट फिरवायची आणि एकही माशी उठायची नाही. तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. खाणं कमी झालं. मी पाटी पावभर केली. तरीही तेच.

आता मात्र मला भीती वाटायला लागली, आणि ती फोन करण्याची भीती नव्हती. मी घालते त्याच्यापेक्षा जास्त विष गाईच्या पोटात जात होतं, आणि ते कुठून जातंय ते मला कळत नव्हतं. अक्का चोरून घालत असतील, असंही मनात येऊन गेलं. संध्याकाळी वही घेऊन बसले की मी त्यांच्याकडं रोखून बघायची.

"अक्का, दुसरं काय घातलं न्हाई ना?"

"तुला सांगितल्याबिगर म्या पाण्याचा घोट पाजत न्हाई तिला."

त्या खरं बोलत होत्या. वाडीतल्या बायांनाही गाय उतरलेली दिसत होती. कुणी म्हणालं, दृष्ट लागली, एवढी माणसं बघून गेली. अक्कांनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. आत्या रोज येताना-जाताना म्हणायची, "माजी बाय लई वाळली गं. वासराचं कसं व्हायाचं." मला तिचा आवाजही नको झाला होता.

भोरच्या डॉक्टरांना तरी सांगावं, असं मी रोज ठरवायची. मग ते विचारतील, कधीपासून? त्या प्रश्नापाशी येऊन मी थांबायची, आणि आजचा दिवस जाऊ दे म्हणायची.

आश्विनात भातं कापायला आली. आम्ही खाचरात होतो, ऊन डोक्यावर आलं होतं. पाणंदीनं आत्या पळत आली. त्या वयाची बाई पळताना मी पहिल्यांदा बघितली. ती नुसता गोठ्याकडं हात करत होती. अक्कांनी विळा टाकला.

तांबडी आडवी पडली होती. तिचे दिवस भरले नव्हते, कास दुधानं भरली नव्हती. वासराचे पाय बाहेर आले होते. मी हात धुतले, धरलं, तांबडीच्या कळेबरोबर ओढलं. कालवड होती. अंगावर केस नावाला, खालची गुलाबी कातडी दिसत होती. गळ्याखाली कैरीएवढी गाठ. मी तिच्या नाका-तोंडातला चिकटा काढला, काडीनं नाकात गुदगुल्या केल्या, छाती चोळली. तिनं श्वास घेतला. एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा. अक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि तिला सांगत होत्या, "घे बाय, आजून एक घे. घे." तिनं आणखी थोडे घेतले आणि मग घेतले नाहीत. अक्का तरीही बराच वेळ सांगत राहिल्या.

तांबडी उठली, वासराला चाटू लागली. आम्ही कुणीच तिला आवरलं नाही.

डॉक्टर दिवस मावळायच्या आत आले. त्यांनी गाय तपासली, वासराच्या गळ्याची गाठ दाबून बघितली, मग शेपूट हातात घेतली. "सुबाभूळ किती घालता?" एवढंच विचारलं. मी वही दिली. त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. "ह्याच्यानं एवढं व्हायला नको," ते म्हणाले. "ह्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त गेलंय. बघा, कुठून जातंय ते. गाय वाचवायची असेल तर पाल्याचं एक पानही नको."

अक्कांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता गोंधळ होता. मला त्या क्षणी त्यांच्यावर संशय घेतल्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी गोठ्यात जाऊन बसले, पेंढ्याच्या ढिगामागं. इतके दिवस मी केस उचलून परत जायची, थांबत नव्हते. त्या दिवशी थांबले. पाणंदीनं पहिली बाई आली. गाईच्या कपाळाला हात लावला, "काय गं, गेलं का गं तुजं लेकरू," म्हणाली, आणि घास पुढं केला. सुबाभळीचे कोवळे शेंडे, ताजे, दवानं ओले. मग दुसरी आली. मग तिसरी, मग दोघी जावा मिळून. कुणाच्या हातात मूठभर, कुणाच्या हातात चांगली जुडी. एकीनं तर शेंडे निवडून, जून पानं काढून आणली होती, देवाला बेल निवडतात तशी. आणि शेवटी आत्या. तिनं पदराची ओटी केली होती आणि ती शिगोशिग भरली होती. एवढ्या पहाटे टेपाडावर चढून तिनं ते खुडलं होतं. तांबडीनं तिला लांबूनच ओळखलं आणि मान पुढं केली.

अक्का दारात उभ्या राहून हे बघत होत्या, रोज बघत होत्या तशा.

मी उठले. "अक्का, हे काय?"

"काय?"

"हा पाला. हे रोज चालू हाय?"

"गोग्रास हाय तो," अक्का म्हणाल्या.

"मग वहीत का सांगितला न्हाई? म्या रोज विचारती ना, काय घातलं म्हून?"

अक्का माझ्याकडं खरोखर न समजून बघत राहिल्या. "म्या घातलं ते सांगितलं. गोग्रास कुनी मोजतं व्हय?"

मला सगळं एकदम दिसलं. मी पाटी निम्मी केली, गाय वाळली. गाय वाळलेली बघून बायांनी घास वाढवला. मी पावभर केली, त्यांनी मुठीची जुडी केली, जुडीची ओटी केली. भाकरीच्या चतकोराऐवजी पाला, कारण मी पेढा म्हणाले होते. कोवळा शेंडा, कारण मी कोवळा म्हणाले होते. गाभण गाईला, वसुबारसेच्या गाईला, ज्या घरात गाय नाही त्या प्रत्येक घरातून.

यावर मी खाली बसून कपाळाला हात लावायला हवा होता. मी ओरडले. माझा तो हायवेचा आवाज. मी आत्याच्या ओटीला हिसडा दिला, पाला शेणात पडला. मी म्हणाले, "तुमी मारलंत वासरू. तुमच्या ह्या हातांनी. रोज थोडं थोडं इख घातलंत तिला."

दोघी जावा पाणंदीत अजून उभ्या होत्या, त्या तशाच मागं सरकल्या. आत्यानं आपले दोन्ही हात समोर धरले, उलटेसुलटे करून बघितले. मग लुगड्याला पुसले. बराच वेळ पुसत राहिली आणि गेली.

डबी तेव्हा मांडणीवर होती, जवळजवळ भरलेली.

त्या वर्षी वसुबारसेला कुणी अक्कांच्या दारात आलं नाही. वासराविना गाय पूजत नाहीत. घराघरांत मातीच्या गाई बाहेर निघाल्या. मी संध्याकाळी अक्कांकडं गेले, तर त्या तांबडीला बाजरीची भाकरी घालत होत्या. आम्ही दोघी तिथंच बसून जेवलो. पुण्याच्या मॅडम दिवाळीनंतर आल्या, फार हळहळल्या. चूक आमचीही, आम्ही सगळ्या गावाला नीट सांगायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी विचारलं, केस कधीपासून झडत होते? मी म्हणाले, "शेवटी शेवटी दिसलं."

पाला बंद झाला तशी तांबडी सावरली. लाळ थांबली, शेपटीला मऊ लव आली, मग केस आले. बायाही हळूहळू परत यायला लागल्या, आता भाकरीचा तुकडा घेऊन, आणि तोही आधी अक्कांना दाखवून. आत्या तेवढी आली नाही. ती आता घराच्या मागून, खाचराच्या बांधावरून लांबचा वळसा घालून जाते. पण पाणंदीचा एक टप्पा तिला टाळता येत नाही, आणि तांबडीला तिच्या पावलांचा आवाज कळतो. रोज सकाळी त्या वेळेला तांबडी गव्हाणीतून मान काढते, दाराकडं तोंड करते आणि हंबरते. आत्या पदर कानांवर ओढते आणि तशीच पुढं जाते. घरातही तिनं जनावराला, कोंबडीलासुद्धा, हातानं घालणं सोडलंय. सून घालते. गेल्या महिन्यात हळदीकुंकवाला तिची सून मला म्हणाली, "नातवाला बी घास भरवत न्हाईत ओ. हात चांगलं न्हाईत माजं, म्हणत्यात."

परवा सकाळी अक्कांनी भिंतीपलीकडून हाक मारली. मी गेले. डॉक्टर आदल्या दिवशी येऊन गेले होते आणि तांबडी पुन्हा गाभण असल्याचं सांगून गेले होते. अक्कांचा चेहरा उजळला होता. पाटी हातात घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "आता काय घालायचं, किती घालायचं, तू सांग. तू म्हणशील तसं."

मला तिथं उभं राहवेना. मी घरी आले, मिठाची बरणी सरकवली, डबी घेतली आणि परत गेले. अक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. मी डबी उघडून त्यांच्या पुढं धरली. हिंगाचा वास आला.

"श्रावणापासनंच हाय हे," मी म्हणाले. "रोज गोळा करत व्हते म्या. तुमच्या आधी येऊन. साहेब येणार व्हतं म्हून सांगितलं न्हाई, आन मग सांगायची भीती वाटली. तवाच सांगितलं असतं, डॉक्टर आलं असतं, तर गोग्रासाचं तवाच कळलं असतं. कालवड जगली असती."

अक्कांनी डबीत बघितलं. बोटानं केस जरा हलवले. त्या रडतील, चिडतील, मला घराबाहेर काढतील, अशी सगळी तयारी मी करून गेले होते.

"म्या बी बगितलं व्हतं," त्या म्हणाल्या.

मला काही कळेना.

"केस. तू येऊन गेलीस की मागं चार-दोन राहायचं. म्या चुलीत टाकायची. तू एवढ्या लोकांत बोलत व्हतीस. मला वाटलं, तू वही लिवतीस, तुला ठावं असंल. तू गप हाईस म्हंजी त्यात काय नसंल." त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात परत दिली. "तू म्हणाली व्हतीस ना, रोज बगीन म्हून."

मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यात बसले. मग मी विचारलं, "आत्याला काय सांगायचं, अक्का?"

तांबडीनं गव्हाणीतून मान वर काढली आणि दाराकडं वळवली. पाणंदीत पावलं वाजली. तांबडी हंबरली, थांबली, पुन्हा हंबरली. पावलं जराही हळू न होता पुढं गेली, आणि आम्ही दोघी उठलो नाही.